बदामीचा मागचा पाय

दहिवलीत बुधाजीच्या बँडची तालीम सुरू झाली की सफुराचा चालता हात थांबायचा. तव्यावर भाकरी असो नाहीतर मोरीत कपडे, ती आधी मागच्या दाराकडे बघायची. मागे पत्र्याच्या छपराखाली बदामीचं ठाण होतं. क्लॅरिनेटचा पहिला सूर आला की बदामीचे कान उभे राहायचे, मान वर जायची आणि ड्रमवर काठी पडली की पुढचे पाय आळीपाळीनं उचलायला लागायचे. पाठीवर नवरदेव नाही, समोर बघायला माणूस नाही, गळ्यात दावं. तरी ती नाचायची.

नाचणं तिला मोहियुद्दीननं शिकवलं होतं. मोहियुद्दीन सफुराचा सासरा. त्याचा बाप लग्नात घोडी मिरवायचा, आजाही मिरवायचा. मुलगा शब्बीर मात्र कुवेतला गेला आणि घरात म्हातारा, सून आणि बदामाच्या सालीच्या रंगाची ही घोडी उरली. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात बदामीचं नाव होतं. लग्नाआधी नवरदेव गावच्या मारुतीला जातो तेव्हा ती त्याला पाठीवर घेऊन बँडच्या ठेक्यात पावलं टाकायची. देवळापाशी तो उतरला की मागच्या दोन पायांवर उभी राहून चार पावलं चालत जायची आणि त्याला सलामी द्यायची. बाया तोंडावर पदर घ्यायच्या, पोरं शिट्ट्या मारायची.

गेल्या वर्षीच्या मोसमात ती मागच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. मागच्या पायाचा मधला सांधा, जो आपल्याला उलटा दुमडल्यासारखा दिसतो, तो आतल्या बाजूनं सुजला. रोज सकाळी खरारा करताना सफुरा तिथं तळवा लावायची. भाजलेल्या रताळ्यासारखा गरम लागायचा.

कर्जतच्या गुरांच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर ओगले नवीन आले होते. पुण्याचे, तिशीचे, हलक्या हाताचे. त्यांनी सांध्यावरचे केस कापले, जागा धुतली, घोडी हलू नये म्हणून तिच्या नाकाला दोरीचा फास दिला आणि नेमक्या फटीत सुई घातली. सांध्यातच द्यायचं औषध होतं ते.

“दीड महिना बसवून ठेवा. चालवायची नाही, नाचवायची तर अजिबात नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बदामी चारी पायांवर सरळ उभी होती. सांधा थंड होता. मोहियुद्दीननं तिला अंगणात फिरवली आणि तो लहान पोरासारखा हसला. “जनावर सांगतंय दुखत नाय, आनि डॉक्टर सांगतो दुखतंय. आता खरं कोनाचं धरायचं?” असं म्हणून त्यानं त्याच आठवड्यात तिला भिवपुरीच्या एका लग्नाला नेली.

पावसाळ्यानंतर सूज परत आली. म्हातारा रोज दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागला. शेवटी ओगल्यांनी आणखी एक सुई दिली. परत तोच चमत्कार झाला, पण तो पहिल्याइतका टिकला नाही. माघात घोडी पुन्हा पाय उचलून धरायला लागली तेव्हा मोहियुद्दीननं डॉक्टरांना घरी बोलावून आणलं.

ह्या खेपेला ओगल्यांनी औषध भरण्याआधी सांध्यातलं थोडं पाणी सुईनं ओढून घेतलं. त्याचा एक थेंब अंगठ्यावर घेतला, त्यावर तर्जनी टेकवली आणि दोन्ही बोटं हळूहळू लांब केली.

“वहिनी, इकडे या. हे बघा,” ते सफुराला म्हणाले. “सांध्यातलं वंगण मधासारखं असतं. बोटं लांब केली की तार सुटते. इथं आहे का तार?”

नव्हती. थेंब नुसता फुटला.

“हे पाणी झालंय.” त्यांनी औषधाची बाटली परत बॅगेत टाकली. “मी सुई देणार नाही.”

“अहो पन दोनदा गुन आला की,” म्हातारा म्हणाला.

“चाचा, ह्या औषधानं सूज उतरते, ठणका जातो. पण हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, तो ह्यानं भरून येत नाही. उलट परत परत दिलं की झिजतो. आणि दुखत नाही म्हणून घोडी त्याच पायावर नाचते. मग हाड हाडाला घासतं, टवके उडतात. दुखणं होतं तोवर ती स्वतःच पाय सांभाळत होती. ते आपण काढून घेतलं.”

“मंग दुसऱ्यांदा दिलंत कशाला?” सफुरानं विचारलं. आवाज चढला तसा तिनं डोक्यावरचा पदर सावरला, पण प्रश्न मागे घेतला नाही.

ओगले बॅगेचा पट्टा लावत होते, तो तसाच राहिला. “नको होतं द्यायला,” ते म्हणाले. “चाचा रोज येऊन बसायचे. मला वाटलं, ह्या वेळी तरी विश्रांती देतील. चुकलं माझं.” जाताना त्यांनी बजावलं, की पावसाळा सरेपर्यंत घोडी ठाणावरून हलवायची नाही.

त्या दिवसापासून घरात कुणालाच स्वस्थता राहिली नाही.

लग्नाचे दिवस होते. बुधाजीचं घर भिंतीला लागून, आणि त्याच्या बँडला रोज कुठलं ना कुठलं आमंत्रण. सफुरा त्याच्याकडे गेली. “बुधाजीभाऊ, तालीम दुसरीकडं करा ना. घोडी नाचाया लागते. तिचा पाय जाईल.”

बुधाजी भला माणूस. क्लॅरिनेट पुसत म्हणाला, “वयनी, तुमी सांगितलं, झालं. आमी नदीवर जातो.” दुसऱ्या दिवसापासून त्याची माणसं उल्हासच्या काठावर बसून वाजवायला लागली. पण नदीवरून आवाज उलट मोकळा यायचा. बदामी पत्र्याखाली डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे झुलत राहायची. तिच्या खुरांखालची माती उकरून खड्डा पडला. सफुरा तो बुजवायची, दुपारी पुन्हा खड्डा.

म्हाताऱ्याचंही तेच. कुठून हळद लागल्याची, कुठून साखरपुड्याची बातमी येई आणि तो अंगणात येरझाऱ्या घालत राही. घोडीची आरसे लावलेली झूल पेटीतून काढून झटकायचा, परत घडी घालून ठेवायचा. जेवताना उठून ठाणापाशी जायचा.

“अब्बा, बसा की जरा,” सफुरा म्हणायची.

“बसलोय की,” तो उभ्या उभ्याच म्हणायचा.

सफुराला स्वतःचंही कळत नव्हतं. ती रात्री कूस बदलत पडायची. शब्बीरला जाऊन दोन वर्षं झाली होती. येतो येतो म्हणायचा. तो परत आला आणि घोडी नसली, तर त्याच्या बापाला सांभाळलं नाही असंच लोक म्हणणार. आणि लोकांचं सोडा. रोज ज्या पायावर आपण हात ठेवतो तो कसा आहे, हे आपल्यालाच कळत नाही, ह्याचा तिला त्रास व्हायचा. मागे दोनदा तो थंड लागला होता, आणि दोन्ही वेळा ते खोटं निघालं होतं.

वैशाखात लोधिवलीचा येसाजी अक्षत घेऊन आला. चौकजवळच्या लोधिवलीत त्याची भातशेती होती. त्याच्या लग्नात त्याला मारुतीला नेणारी घोडी मोहियुद्दीननंच धरली होती. तेव्हा मोहियुद्दीन जवान होता आणि भर मांडवात बोलून गेला होता, की तुझ्या पोराला पण मीच मिरवीन.

“चाचा, पोराचं ठरलं,” येसाजी म्हणाला. “तुमचा शब्द हाय. ध्यानात हाय ना?”

“शब्द इसरायला मी काय म्हातारा झालो?” मोहियुद्दीन म्हणाला. दोघंही हसले. घोडीच्या पायाचं त्यानं अवाक्षर काढलं नाही. दाराआड उभ्या असलेल्या सफुरानं चहाचा कप इतक्या जोरानं ठेवला की बशी तडकली.

येसाजी गेल्यावर ती बाहेर आली. “खोपोलीला दुसरी घोडी हाय. ती ठरवून द्या त्यांना.”

“शब्द माझा आनि घोडी दुसऱ्याची?”

“डॉक्टर काय म्हनाले ते तुमी पन ऐकलंत.”

“ऐकलं गं ऐकलं. नाय नेत. झालं समाधान?”

पुढचे काही दिवस त्यानं लोधिवलीचं नाव काढलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सफुरा खरारा करायला गेली तर बदामी डावा पाय पुरता टेकून उभी. सफुरानं तळवा लावला. सांधा थंड होता. तिचा जीव भांड्यात पडला. बसवून ठेवल्याचा गुण आला म्हणायचा, असं तिला वाटलं. त्या दिवशी तिनं घोडीला हरभऱ्याबरोबर गुळाचा खडा चारला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती तोबरा घेऊन मागे गेली तेव्हा ठाण रिकामं होतं. दावं नव्हतं, लगाम नव्हता, पेटीतली झूलही नव्हती. तिनं गवत पायानं बाजूला केलं, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. गवतात रबराच्या बुचाची छोटी रिकामी बाटली सापडली. तशीच बाटली ओगल्यांनी माघात बॅगेत परत टाकली होती.

मग तिला आठवलं, परवा म्हातारा दुपारभर घरी नव्हता, आणि संध्याकाळी शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात काम केलेला कुणी ओळखीचा माणूस त्याच्याबरोबर चहा पिऊन गेला होता. ती आत चूल सारवत होती.

ती डॉक्टरांच्या खोलीवर धावत गेली. दाराला कुलूप होतं. अडलेल्या म्हशीसाठी ते भिवपुरीकडे गेले होते. दवाखान्याच्या शिपायाला तिनं बाटली दाखवली आणि म्हणाली, “आले की सांगा, लोधिवलीला या. येसाजीचं घर. बदामीला परत सुई दिलीय.” आणि ती पनवेलच्या एसटीत चढली.

गाडी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. कोंबड्यांच्या पाट्या वर चढत होत्या, म्हाताऱ्या सावकाश उतरत होत्या. सफुरा दांडा धरून उभीच राहिली. मागे जागा झाली तरी बसली नाही. चौकला ड्रायव्हर चहाला उतरला, तशी ती खाली उडी मारून हायवेच्या कडेनं चालायला लागली. पुण्याकडून येणारे ट्रक अंगावर धूळ उडवत जात होते. लोधिवली जवळ आली तसा ड्रमचा आवाज ऐकू आला. पुढच्या वळणावर क्लॅरिनेट. तो सूर तिच्या ओळखीचा होता. बुधाजीच वाजवत होता.

मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी पोहोचली होती. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उतरून पायरीवर उभा होता. लोकांनी गोल करून जागा मोकळी केली होती, आणि मधे उन्हात चमकणारी झूल घातलेली बदामी. तिच्या तोंडापुढे मोहियुद्दीन, हात वर केलेला, फेट्याचा शेव उडतोय, चेहरा असा की सफुरानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

ती माणसांना ढकलत थेट बुधाजीकडे गेली आणि क्लॅरिनेटच्या तोंडावर पंजा ठेवला.

“बंद करा!”

“वयनी? अहो, चाचा बोलले, पाय बरा झाला म्हनून—”

“बंद करा म्हनते ना!”

बुधाजीनं हात वर केला. ड्रमवाला दोन ठेके पुढे जाऊन थांबला. पण बदामी तोवर उभी राहिली होती. मागच्या दोन पायांवर, पुढचे दोन्ही पाय छातीशी. आवाज एकदम तुटला तशी ती गोंधळली. एक पाऊल पुढे टाकलं, तोल डाव्या पायावर आला आणि काहीतरी कटकन वाजलं. मोठा आवाज नव्हता, पण तेवढ्या शांततेत सगळ्यांनी ऐकला. ती खाली आली. डावा पाय तिनं परत टेकलाच नाही. तीन पायांवर थरथरत उभी राहिली आणि तिच्या अंगाला दरदरून घाम सुटला.

मोहियुद्दीनचा हात अजून वरच होता.

मग एकच गलका झाला. अपशकुन, अपशकुन असं कुणीतरी ओरडलं. येसाजी तांबडा झाला. “चाचा, लंगडी घोडी आनलीत माझ्या पोराला? आज?” नवरदेवाच्या मामानं घोडी रस्त्याबाहेर न्या म्हणून लगामाला हात घातला, तेव्हा सफुरा मधे उभी राहिली.

“हात नका लावू. ती चालनार नाय.”

त्या गर्दीतून येसाजीची बायको आनंदीबाई पुढे आली. हिरवा चुडा, हळदीचं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं घोडीकडे पाहिलं, थरथरणाऱ्या मांडीकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली. “आज माझ्या घरात सून यायची हाय. आज माझ्या दारात मुकं जनावर मरू द्यायचं नाय. गोठा मोकळा करा. म्हशी भाईर बांधा.”

“अगं पन—”

“नवरदेवाला पाय हायेत. तो चालेल. काय रं?”

नवरदेवानं मुंडावळ्या बाजूला सारून मान हलवली. वऱ्हाड पुढे निघालं. बँड मात्र गावाची वेस ओलांडेपर्यंत वाजला नाही. बुधाजीनंच तसं सांगितलं होतं. दोघा-तिघांनी टेकू दिला आणि बदामी तीन पायांवर उड्या घेत गोठ्यापर्यंत पोहोचली.

ओगले दुपारी राजदूत मोटरसायकलवरून आले. धुळीनं भरलेले. त्यांनी पाय हातात घेतला, सांध्यावरून बोटं फिरवली, पाय हलकेच दुमडला तेव्हा बदामीनं सफुराच्या खांद्याला दात लावले.

“मोठं हाड शाबूत आहे,” ते म्हणाले. “टवका उडालाय आत. कुणी दिली सुई?”

मोहियुद्दीन गव्हाणीला टेकून बसला होता. “मीच आनला मानूस,” तो म्हणाला. “तुमी नाय दिली, त्यानं दिली. आता आनखी एक द्या. कायमची. तिचं हाल नको.”

सफुरानं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी सांध्याखाली पुन्हा बोट दाबून पाहिलं.

“एक शक्यता आहे,” ते शेवटी म्हणाले. “हा सांधा एक नाही, एकाखाली एक असे तीन-चार आहेत. वरचा हलतो, त्यानं पाय दुमडतो. बिघडलाय तो खालचा. तो चपटा असतो, मुळातच फार हलत नाही. विश्रांती मिळाली तर कधी कधी तिथं हाड वाढतं आणि तो सांधा बुजून जातो. दोन हाडांचं एक होतं. मग तिथं घासायला काही उरत नाही, दुखायलाही नाही. पाय थोडा ताठ राहील.”

“आनि नाय बुजला तर?”

“तर चाचा म्हणतात ते करू. पण आज नाही. पावसाळा जाऊ दे.”

“नाचंल का परत?” म्हाताऱ्यानं विचारलं.

ओगल्यांनी बॅग बंद केली.

बदामी लोधिवलीतच राहिली. तिला हलवण्यासारखं नव्हतं, आणि दहिवलीत भिंतीपलीकडे बँड होता. मोहियुद्दीन गोठ्याच्या माळ्यावर झोपायला लागला. सफुरा दहिवली-लोधिवली अशा खेपा घालायची. गोठ्यात असली की घरच्या कोंबड्या आठवायच्या, घरी असली की गोठा. एसटीत बसल्यावर तिला वाटायचं, आपण नेहमी चुकीच्या बाजूच्या गाडीत बसतो.

येसाजी कित्येक दिवस म्हाताऱ्याशी बोलला नाही. गोठ्यात यायचा, म्हशी सोडायचा, जायचा. जेवण आनंदीबाई पाठवायची, तेही तिच्या नव्या सुनेच्या, इंदूच्या हातून. मिरवणूक मोडली ती इंदूच्या लग्नाची. पण ती पहिल्या दिवशी ताट ठेवून तिथंच बसली आणि घोडीकडे बघत राहिली.

मोसमाचे शेवटचे मुहूर्त होते. आजूबाजूला कुठंतरी बँड वाजायचा आणि बदामी तीन पायांवर झुलायला लागायची. इंदूनं ते पाहिलं. आत गेली, आपल्या रुखवतातल्या नव्या गादीची शिवण उसवली आणि मूठभर कापूस घेऊन आली.

“हिच्या कानात घालू?”

“सासूबाय ओरडतील तुला,” सफुरा म्हणाली.

“त्यांनीच सांगितलं, नव्या गादीतला घे, जुन्याला ढेकनं हायेत.”

कापसाचे बोळे कानात बसले. बदामीनं मान झटकली, दोन दिवस रुसली, मग सवयीची झाली. पाऊस लागला तशी लग्नं थांबली. येसाजीच्या बांधावरचं गवत मोहियुद्दीन कापून आणायला लागला. एक दिवस येसाजी विळा घेऊन त्याच्या शेजारी बसला आणि दुप्पट गवत कापून दिलं. त्यानंतर दोघं पावसापाण्याचं बोलायला लागले.

सांध्यावरची सूज मऊ होती ती हळूहळू कडक झाली. दगडासारखा उंचवटा आला. गरम लागायचा, मग कमी गरम, मग सफुराला ठरवताच येईना. ती एक हात ह्या सांध्यावर आणि एक उजव्या सांध्यावर ठेवायची. डोळे मिटायची. उघडायची, परत ठेवायची.

“काय म्हनतो?” म्हातारा विचारायचा.

“काय सांगू? माझ्या हातावर माझाच भरोसा नाय आता.”

गणपतीच्या विसर्जनाला ती लोधिवलीतच होती. मिरवणुकीत कुठूनसा ढोल आणला होता, अंगणाएवढा. कानात कापूस होता, पण हा आवाज कानातून आला नाही, जमिनीतून आला. बादलीतलं पाणी थरथरलं. बदामीनं मान वर केली. पुढचा उजवा पाय उचलला, टेकला. डावा उचलला, टेकला.

“अब्बा, धरा तिला!”

मोहियुद्दीन जागचा हलला नाही. तो नुसता बघत होता, ओठ मिटून, रडायच्या बेतात. सफुरानं दाव्याला झोंबून घोडीचं डोकं छातीशी ओढलं, पदर तिच्या डोळ्यांवर घातला. बदामी तरी नाचत राहिली. ती उभी राहू बघत होती आणि सफुरा सगळा भार टाकून तिला खाली दाबत होती. मिरवणूक दारावरून जाईपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. ढोल लांब गेला तेव्हा सफुराच्या तळहाताची सालटं निघाली होती.

“टेकला,” म्हातारा म्हणाला.

“काय?”

“मागचा डावा पाय. सगळा वेळ टेकत व्हती.”

सफुरानं खाली पाहिलं. चारी खूर जमिनीवर होते. डाव्याचा पुढचा काठ मातीत ओढल्याची रेघ उमटली होती, पण पाय टेकलेला होता. तिला आनंद झाला नाही. उलट ती चिडली. “परत कुनाला आनलंत का? खरं सांगा. सुई दिली का कुनी?”

“अल्लाची शपत गं,” म्हातारा म्हणाला. “नाय.”

तिनं तरी सगळं गवत उपसून पाहिलं. मग माळ्यावर चढून त्याचं अंथरूणही झटकलं. तो खाली उभा राहून बघत होता. अडवलं नाही त्यानं.

ओगले आले ते दसऱ्याच्या सुमारास. त्यांनी घोडीला अंगणात चालवली, वळवली, पाय धरून दुमडला आणि सोडून लगेच पळवून पाहिली. मग मूळच्याच जागेवर केस कापले, धुतलं आणि रिकामी सुई घेतली.

“औषध नाही देत,” सफुराचा चेहरा बघून ते म्हणाले. “फक्त बघतो.”

सुई कातड्यातून गेली आणि थांबली. त्यांनी थोडी वर घेतली, तिरकी केली, परत दाबली. सुई पुढे जाईना. आणखी एका जागी करून पाहिलं, तिथंही तेच. त्यांनी सुई काढून कापसानं जागा दाबून धरली.

“आत जागाच उरली नाही,” ते म्हणाले. “हाड धरलंय. बुजला सांधा.”

“म्हंजे बरी झाली?” आनंदीबाईनं विचारलं.

“बरी म्हणजे, दुखणार नाही. हलकी गाडी ओढेल, माणूस बसवला तर नेईल. पाय थोडा घासत टाकणार. दोन पायांवर उभी करायची नाही, कधीच नाही. वरचा सांधा शाबूत आहे, तो तरी ठेवा.” हे शेवटचं त्यांनी मोहियुद्दीनकडे बघून सांगितलं.

“नाय करनार,” म्हातारा म्हणाला. मग, “ती आपल्या आपन उभी झाली तर?”

“मग वहिनी आहेत,” ओगले म्हणाले.

दिवाळीआधी ते निघाले. आनंदीबाईनं घोडीच्या कपाळाला हळद लावली, येसाजी वेशीपर्यंत आला. भातं पिवळी पडली होती, कुठं कुठं कापणी लागली होती. चौकला चहासाठी थांबले तेव्हा टपरीवरच्या एकानं ओळखलं. “ही बदामी ना? नाचनारी? चाचा, तुळशीचं लगीन झालं की माझ्या भाच्याचं बघतोय.”

मोहियुद्दीननं बशीत चहा ओतला. “नाचत नाय ती आता,” तो म्हणाला.

“मंग ठेवलीत कशाला?”

म्हाताऱ्यानं चहा पिऊन टाकला आणि उठला. कर्जतच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाला, “छोटी गाडी करून घेऊ. बाजाराला भाजी न्यायला.” आणि थोड्या अंतरानं, “शब्बीरला काय सांगायचं ते मी सांगीन.”

सफुरानं हूं केलं. तिचं लक्ष मागे होतं. तीन पावलं नीट वाजत होती आणि चौथं घासत येत होतं. बदामीला घाई होती. महिनोन्महिने गोठ्यात काढलेली ती, मोकळा रस्ता बघून दोर ओढत होती. सफुरानं दोर आखडून धरला होता. मैलाचा दगड आला की ती थांबायची, वाकून सांध्यावर तळवा ठेवायची, मग दुसऱ्या पायावर, मग परत पहिल्यावर.

“आता पुरे कर गं,” म्हातारा पुढून म्हणाला. “डॉक्टर बोलले ना.”

“तुमी चला पुढं,” ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.